पूजेतला पत्रा

गोदामात पाटावर पत्रे मांडताना उज्ज्वलाच्या हाताला एक पत्रा वेगळा लागला. बाकीच्यांवर वर्षानुवर्षांच्या काळ्या शाईचा थर होता, त्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. हा नवा होता, पुसून लख्ख, बोट कापेल इतका ताजा. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. कापलेल्या अक्षरांतून पलीकडचा उधन्याचा रस्ता दिसला आणि अक्षरं लागली. इंग्रजीत, ठसठशीत: बॉम्बे.

उज्ज्वलाचे सासरे निंबाआबा यांच्या घरी दसऱ्याला तलवार-कोयता कधी नव्हता. पूजा व्हायची ती गासड्यांवर मार्का मारायच्या या पत्र्यांची, शाईच्या ब्रशांची, गोणपाट शिवायच्या सुयांची आणि माल ओढायच्या आकड्यांची. मध्यभागी बैलगाडीच्या चाकाचा पत्रा. आबा शिरपूरकडून सुरतला आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी नावाऐवजी चाक कापून घेतलं होतं. धुळ्यापासून न्हावा शेव्यापर्यंत हमाल त्या चाकावरून माल ओळखत आणि बाजारात या घराला चाकवाले म्हणत. पूजेचे नियम आबांचे. पाटावर बसलं ते वर्षभर घरात चालणार, आणि त्या दिवशी त्याला कोणी हात लावणार नाही.

म्हणजे हेमराजनं हा पत्रा मुद्दामच आजच्या दिवशी आणून ठेवला होता. एकदा हळदीकुंकू लागलं की आबासुद्धा तो उचलू शकले नसते. आपल्या धाकट्या दिराच्या डोक्याला दाद द्यावी की त्याच डोक्यावर पत्रा हाणावा, हे उज्ज्वलाला क्षणभर ठरवता येईना. तिनं तो पाटावरून काढून उलटा, भिंतीला टेकवून ठेवला आणि झेंडूच्या माळा सोडवायला घेतल्या.

बॉम्बे कशासाठी, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. प्लेग शहरातून गेला होता, पण शहराच्या नावातून गेला नव्हता. टपापर्यंत गाड्या भरभरून माणसं खानदेशात परतली, त्यातली निम्मी अजून आली नव्हती. लूम बंद, डाइंग हाउस बंद. जे थोडंफार कापड तयार होतं ते बंदरावर कोणी घेत नव्हतं. गासडीवर सुरत हा शब्द दिसला की ट्रक बाजूला घ्यायला लावत. दुबईच्या ओढण्यांची पहिली मोठी ऑर्डर हेमराजनं स्वतः मिळवली होती. रिंग रोडच्या व्यापाऱ्याच्या पायऱ्या झिजवून त्यानं हे काम चाकवाल्यांकडे आणलं, नाहीतर तोवर हे घर धुळे-जळगावच्या दुकानांना आणि बंदरावर दुसऱ्यांचा किरकोळ माल पोचवत होतं. आता तो माल गोदामात पडून होता. आबांनी गावाहून परत आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं: दसऱ्याला दुबईचा माल निघाला नाही, तर गोदामाची किल्ली मालकाच्या हातात द्यायची आणि सगळ्यांनी शिरपूर गाठायचं. खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली, ती तिथेच होती.

उज्ज्वलाला शिरपूरला जायचं नव्हतं. तिचा नवरा वाल्मिक यानं आणि तिनं प्लेगच्या दिवसांत सुरत सोडलंही नव्हतं. तोंडाला रुमाल बांधून दोघांनी गोदाम राखलं होतं. आणि त्याच दिवसांत ती असोसिएशनच्या बैठकांना जायला लागली होती.

माल पाठवणाऱ्या फॉरवर्डरांची ही असोसिएशन कित्येक वर्षं सहारा दरवाज्याजवळच्या एका हॉलमध्ये भरत होती आणि आबा तिला चहा पिणाऱ्यांची टोळी म्हणत. वर्गणी वाल्मिक गुपचूप भरायचा. जे लोक एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात ते एका सतरंजीवर बसून काय करणार, असा आबांचा सवाल असे आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण प्लेगनंतरच्या पहिल्या बैठकीत उज्ज्वला मागच्या खुर्चीवर, एकटीच बाई, बसली आणि तिनं पाहिलं की तीच माणसं घाबरून एकमेकांकडे बघताहेत. एकट्याचं बंदरावर कोणी ऐकत नव्हतं. सगळ्यांनी मिळून विचारल्यावर मात्र मुंबईच्या फॉरवर्डरांच्या संघटनेनं बंदराच्या डॉक्टरांची भेट ठरवून दिली. दुबईतल्या आपल्यासारख्याच फॉरवर्डरांना असोसिएशननं कळवलं, त्यांनी तिकडच्या गोदीत शब्द टाकला. ठरलं असं, की सगळ्यांचा माल उधन्यातल्या एका बंद डाइंग हाउसच्या शेडमध्ये एकत्र धुरावर ठेवायचा, असोसिएशननं नेमलेल्या डॉक्टरनं बघायचा, प्रत्येक गासडीवर असोसिएशनचा शिक्का मारायचा आणि ट्रकांनी रांगेनं एकत्र निघायचं. अट एकच होती. माल जिथला तिथलाच लिहायचा. एकाचीही गासडी खोट्या नावानं सापडली तर शिक्का सगळ्यांचाच रद्द. म्हणून प्रत्येक घरासाठी दुसऱ्या एका घरानं हमी द्यायची होती. चाकवाल्यांची हमी द्यायला हॉलमध्ये पहिला हात वर झाला तो हितेशभाईंचा. त्यांचं गोदाम दोन भिंती पलीकडे होतं आणि आबांची धुळ्याची दोन जुनी गिऱ्हाईक-दुकानं त्यांनीच पळवली होती.

पहिली रांग आज संध्याकाळी निघणार होती. दसऱ्याचा मुहूर्त हितेशभाईंनीच सुचवला होता.

लिंबायतच्या घरून बाकीची माणसं गोदामात आली तेव्हा ऊन दारात आलं होतं. आबा, त्यांच्यामागे सासूबाई शोभाबाई हातात नैवेद्याचं ताट घेऊन, मग वाल्मिक, आणि शेवटी हेमराज-गायत्री. हेमराजनं आत येताच पाटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग वहिनीकडे. तो सरळ गेला, पत्रा उचलला आणि चाकाशेजारी ठेवला.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

हेमराजनं समजावून सांगायला सुरुवात केली. त्याचं बोलणं घरात अर्धं अहिराणी, अर्धं हिंदी आणि धंद्याचं निघालं की गुजराती असे. दुबईच्या खरेदीदाराचा फोन आला होता. माल बॉम्बेहून आल्याचं दिसलं तर तो डोळे मिटून घेणार होता, सुरत दिसलं तर त्याचे वखारवाले हात लावणार नव्हते. असोसिएशनची रांग निघेल, बंदरावर अडेल, पुन्हा बैठका होतील, पुन्हा चहा होईल. तोवर खरेदीदार दुसरीकडून माल घेईल. आपण रांगेतून बाहेर पडायचं, रात्री आपला ट्रक वेगळा काढायचा, बस. सगळे असंच करताहेत, असं तो म्हणाला. कोण सगळे, ते त्यानं सांगितलं नाही.

उज्ज्वलानं हितेशभाईंच्या हमीचं सांगितलं. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून चढा निघाला. आपण खोटं नाव मारलं तर बुडणार ते आपण एकटे नाही, ती सगळी रांग, आणि आधी आपला हमीदार.

"आणि गिऱ्हाईक नेलं तेव्हा तुमच्या हितेशभाईंना आपली हमी आठवली होती का, वहिनी?" हेमराज म्हणाला.

उज्ज्वलानं वाल्मिककडे पाहिलं. वाल्मिक माळेचा दोरा दाताखाली धरून तोडत होता आणि तो दोरा जगातली सगळ्यात अवघड गोष्ट असल्यासारखं त्याचं चाललं होतं. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याच्या हातात नेहमी काहीतरी काम असे.

शोभाबाईंनी ताट खाली ठेवलं. हेमराज सांगतो ते बरोबर आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. प्लेगच्या दिवसांत त्या आबांबरोबर माहेरी गेल्या, तर सख्ख्या भावानं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अंगणात कडुनिंबाखाली बसवलं, भाकरी लांबून सरकवली. जिला त्या घरात लहानाची मोठी केली तिला सुरतवाली म्हणून बसवलं. असलं नाव कपाळावर कशाला मिरवायचं?

आबा ऐकत होते. त्यांचा हात खिशातल्या किल्लीवर होता. त्या अंगणात तेही बसले होते, आणि त्याबद्दल त्यांनी आजपर्यंत एक शब्द काढला नव्हता. उज्ज्वलाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की पत्रा पाटावर राहणार. आता आणखी काही बोललं तर ती सासूशी भांडण असल्यासारखं होईल, हेही तिला दिसलं.

तेव्हा गायत्री बोलली. हेमराजची बायको घरात सगळ्यात कमी बोलणारी, आणि आजवर जावेच्या बाजूनं ती कधी उभी राहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिनं उज्ज्वलाला काही सांगितलं नाही, सासूला विचारलं.

"आत्या, तुमच्या माहेरी मामांनी विचारलं तेव्हा तुम्ही मुंबईहून आलो म्हणून का नाही सांगितलं? मी शेजारीच होते. घरात घेतलं असतं."

शोभाबाईंना प्रश्नाचा रागच आला.

"खोटं कसाले सांगू? सुरतनं खादं, सुरतनं पोरं वाढवी. सुरतथीन उनू, आसंच सांगं मी."

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. आपल्याच वाक्याकडे त्यांनी एकदा मागे वळून पाहिल्यासारखं केलं आणि पदर सारखा केला. कोणी हसलं नाही, पण वाल्मिकच्या हातातला दोरा तुटला.

गायत्री मग एवढंच म्हणाली, की मागच्या बाजूला या एकदा.

मागच्या बाजूला ताडपत्री होती. हेमराज आडवा आला नाही. वाल्मिकनं ताडपत्री ओढली, आणि कळलं की पूजेची वाट न बघताच काम झालं होतं. दुबईच्या गासड्यांवरचा सुरत हा शब्द काळ्या शाईनं बुजवून त्याखाली बॉम्बे मारलेलं होतं, नीट, एका ओळीत. हेमराजचा हात चांगला होता. आणि प्रत्येक गासडीच्या डोक्यावर, जसंच्या तसं, ओळखीचं, बैलगाडीचं चाक.

उज्ज्वला बघतच राहिली. न्हावा शेव्याच्या गेटवरचा कुठलाही मुकादम ते चाक लांबून बघून सुरतचे आले म्हणाला असता. खाली काय लिहिलंय हे वाचायचीही त्याला गरज नव्हती. हेमराज बी. कॉम. होता, टेलेक्स वाचायचा, दुबईशी इंग्रजीत बोलायचा. त्याला हे कळलं नसेल असं नव्हतं.

"चाक राहिलं," ती म्हणाली. "तेही बुजवायचं ना, भाऊ."

हेमराज गासडीकडे पाहत राहिला. "ब्रश घेतला होता वहिनी, हातात. शाई वाळून गेली."

आबा पुढे आले. त्यांना बॉम्बे वाचता येत नव्हतं आणि सुरतही येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी त्या गोणपाटावर एकच गोष्ट वाचली होती. त्यांनी चाकावरून तळवा फिरवला, मग त्याखालच्या काळ्या पट्ट्यावरून, आणि तळवा स्वतःच्या धोतराला पुसला.

"मना चाकले कोनी हात लावाना नही," ते म्हणाले. "आन चाकखाले खोटं चालाव नही."

एवढ्यावर निकाल लागला. आबा कधी निकालाची कारणं देत नसत. बॉम्बेचा पत्रा पाटावरून उतरला आणि बाकीच्यांना हळदीकुंकू लागलं.

पण निकाल लागून गासड्या बदलत नव्हत्या. हितेशभाई असोसिएशनच्या डॉक्टरला घेऊन पोचले तेव्हा ताडपत्री तशीच उघडी होती आणि काळे पट्टे उन्हात चमकत होते. ती झाकावी असं वाल्मिकच्या मनात आलेलं उज्ज्वलाला दिसलं, आणि तिच्याही मनात आलं. हेमराज मात्र दारातच पुढे झाला. त्यानं गुजरातीत, खाली न बघता, काय केलं आणि कोणी केलं ते सांगितलं. भावाचं नाव नाही, आबांचं नाव नाही.

हितेशभाई गोल चेहऱ्याचे, पान खाणारे, सतत काहीतरी गुणगुणणारे गृहस्थ होते. त्यांनी गुणगुणणं थांबवलं. हमीचा हात त्यांनीच वर केला होता.

"आ गोणपाटवर शिक्का तर नाही लागणार, काका," ते आबांना म्हणाले. मराठी त्यांना येत असे, पण आपल्याच वळणाची. "नियम मी बनवला, मीच कसा तोडू? पूरा कापड नवा पाहिजे. आणि धूर पण. संध्याकाळी लाइन निघेल, कोणासाठी थांबणार नाही."

नव्या गोणपाटाचे गठ्ठे गोदामात होते. हात नव्हते. शिवणारे सगळे हमाल गावाला पळालेले, आणि आज दसरा. सुया, आकडे, पत्रे सगळं पाटावर, फुलांखाली. उज्ज्वलानं आबांकडे पाहिलं नाही. नियम त्यांचा होता, मोडायचा तर त्यांनीच.

आबा पाटाजवळ गेले. वाकले. कुंकू लागलेला चाकाचा पत्रा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि कपाळाला लावला.

"यंदाची पूजा कामावर करू," ते म्हणाले, आणि सुयांचा जुडगा शोभाबाईंच्या पदरात टाकला.

शोभाबाईंनी लग्नानंतरची पहिली काही वर्षं याच गोणपाटावर घालवली होती. त्या मांडी घालून बसल्या आणि पहिला टाका घातला. गायत्री समोर. वाल्मिक आणि हेमराजनं जुनी आवरणं फाडायला घेतली. उज्ज्वला कापड मापत होती, आणि हाताला हात लावूनही एवढं काम संध्याकाळपर्यंत होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं.

हितेशभाई कधी निघून गेले ते कोणी पाहिलं नाही. ते परतले तेव्हा त्यांच्यामागे माणसं होती. मारवाडी होते, सिंधी होते, कतारगामचा तो जाड चष्म्याचा होता जो बैठकीत उज्ज्वला बोलायला उठली की घड्याळ बघायचा. काहींच्या कपाळावर आपापल्या पूजेचं कुंकू होतं आणि हातात आपापल्या पाटावरून उचललेल्या सुया. एक भडोचचा म्हातारा कोपऱ्यात बसता बसता म्हणाला, की चाकवाल्यांच्या घरात पाय ठेवायला प्लेग यावा लागला. त्यावर आबा हसले. त्यांना हसताना पाहून सगळे हसले, कारण त्यांची परवानगी मिळाल्यासारखं वाटलं.

मग काम झालं. बाकी त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, शिवणाऱ्या माणसांकडे पाहिलं की ते सारखंच दिसतं. शोभाबाईंना भडोचच्या म्हाताऱ्याचे टाके आवडले नाहीत आणि त्यांनी त्याला दोनदा उसवायला लावले. त्यानं उसवले. गायत्री लाडवांचं ताट फिरवत होती, नैवेद्य दाखवायचा राहिला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. घरोघरची माणसं प्रतिस्पर्ध्याच्या मालावर झुकली होती, आणि कोणी गिऱ्हाइकाचा पत्ता वाचत नव्हतं. उज्ज्वलाला ते बघूनच बैठकीतली सगळी भाषणं विसरायला झाली. त्या भाषणांत हे कोणी सांगू शकलं नव्हतं.

दुपारी बॉम्बेचा पत्रा शोभाबाईंच्या नजरेस पडला. म्युनिसिपालिटीचे लोक उंदरांची बिळं बुजवा म्हणून ओरडून गेले होते आणि गोदामाच्या कोपऱ्यात एक बीळ राहिलं होतं. त्यांनी धाकट्या मुलाला हातोडी दिली. हेमराजनं पत्रा आपल्या हातानं बिळावर ठोकला. अक्षरांच्या फटींतून उंदीर येतील, असं वाल्मिक म्हणाला. येऊ दे, हेमराज म्हणाला, इंग्रजी वाचणारे असतील तर परत जातील.

धुराच्या शेडमधून गासड्या गोदामात परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. आबांनी प्रत्येकीवर स्वतः चाक मारलं. पहिल्या काही चाकांत शाईबरोबर पूजेचं कुंकूही उतरलं, काळ्या आऱ्यांच्या मध्ये लाल ठिपके. त्याखाली हेमराजनं सुरत मारलं, जुन्याच पत्र्यानं, पण शाई भरपूर घेऊन. डॉक्टरनं बघितलं. हितेशभाईंनी शिक्का काढला, तोंडाशी नेऊन हाऽ करून ओला केला आणि मग थांबले. आबांनी हात पुढे केला होता.

आबांनी तो लाकडी शिक्का घेतला, रिकाम्या पाटावर ठेवला, त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वाहिलं. मग परत दिला. असोसिएशनच्या कुठल्याही माणसाला त्या गोदामात त्याआधी कधी खुर्चीही मिळाली नव्हती. हितेशभाईंनी आपट्याचं पान काढून आबांच्या हातात ठेवलं आणि वाकून पाया पडले.

"आता धुळ्याची दुकानं परत दे म्हटलं तर देशील का?" आबांनी विचारलं.

"नाही, काका," हितेशभाई म्हणाले.

"मंग चालस," आबा म्हणाले, आणि शिक्के पडायला लागले.

रांग निघाली तेव्हा चाकवाल्यांचा ट्रक मधोमध होता. कॅबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी हेमराज. त्यानंच जातो म्हणून सांगितलं होतं. उधन्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं उभी राहिली. मालाची रांग शहरातून बाहेर पडताना त्यांनी बरेच दिवसांत पाहिली नव्हती. कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि ते पुढे पुढे सरकत गेलं, पुलापर्यंत.

फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, गोदामात. वाल्मिक आणि उज्ज्वला दोघंही धावले, पण आबा जवळ होते. त्यांनी रिसीव्हर उलटा धरला, उज्ज्वलानं सरळ करून दिला. हेमराज इतका मोठ्यानं बोलत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. रांग अडवली होती. मग मुंबईच्या संघटनेचा माणूस आला, बंदराचा डॉक्टर आला, शिक्के बघितले, काही गासड्या उघडल्या, पुन्हा शिवल्या. सगळ्यांच्या. कंटेनरमध्ये माल चढला. दुबईवाल्यालाही तिकडच्या लोकांनी कळवलं होतं. त्याचा फोन आला, म्हणाला, तुमचे लोक सगळे बरे आहेत ना.

"गेटवरचा मुकादम काय म्हणाला?" उज्ज्वलानं मागून विचारलं.

ते हेमराजला ऐकू गेलं. "चाक बघितलं लांबून. विचारलं, सुरत चालू झाली काय?"

"मंग तू काय सांगं?" आबांनी विचारलं.

पलीकडून हेमराज खरखरीच्या वर आवाज चढवून म्हणाला.

"सांगितलं, बंद कधी होती."

आबांनी रिसीव्हर उज्ज्वलाच्या हातात दिला. सदऱ्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढली, खिळ्याकडे गेले. खिळ्यापर्यंत पोचल्यावर त्यांचं मन बदललं असावं. ते परत आले आणि किल्ली त्यांनी सुनेच्या मोकळ्या हातावर ठेवली.

"पुढली बैठक कव्हय शे?" त्यांनी विचारलं. "माले बी येनं शे. त्या भडोचवालाले शिवनं शिकाडनं पडी."